शिवारात जीपीएस यंत्र मध्येच बंद का पडते?



ठिबकासाठी रानाचे क्षेत्र काढायचे असते, मोसंबीची नवी लागवड आखायची असते, नाही तर कालव्याच्या पाण्याखाली आपले नेमके किती रान येते ते पाहायचे असते. अशा वेळी गटाचे किंवा शेतकरी कंपनीचे हातात धरायचे जीपीएस यंत्र मागून आणायचे, बांधाबांधाने एक फेरी मारायची, आणि फेरी पुरी झाली की यंत्र क्षेत्र सांगते. पण होते काय, तीन बांध होतात आणि चौथ्यावर पडदा काळा पडतो. सगळी फेरी पुन्हा. घरी येऊन नवे सेल टाकावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी 'यंत्रच खराब निघालं' असा शिक्का बसतो आणि काही हजार रुपयांची वस्तू कपाटात धूळ खात पडते.

घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी या बाजूला फिरताना अशी 'खराब' यंत्रे पुष्कळ हातात येतात. त्यातली बहुतेक यंत्रे आतून धडधाकट असतात. दोष असतो तो सेलमध्ये, सेल जिथे टेकतो त्या पट्टीत, नाही तर यंत्रात 'कोणता सेल घातला आहे' हे चुकीचे सांगून ठेवल्यामुळे. हे तिन्ही दोष घरच्या घरी पाहता येतात. ते कसे पाहायचे आणि मोबाईलमधल्या जीपीएसला यातले काय लागू पडते, ते या पत्रकात सांगितले आहे.

यंत्र करते तरी काय?

जीपीएस यंत्र म्हणजे तुमच्या ट्रान्झिस्टरचे भावंड समजा. ट्रान्झिस्टर आकाशवाणीच्या लहरी ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. हे यंत्रही तसेच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांच्या लहरी ते ऐकते. निदान चार उपग्रह एका वेळी नीट ऐकू आले, की प्रत्येकाची लहर पोहोचायला किती वेळ लागला यावरून ते आपली जागा काढते. हे उपग्रह अमेरिकेचे. सर्वसामान्यांना मिळणाऱ्या लहरीत पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, ती मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून ही यंत्रे शेतावर उपयोगी पडू लागली. आपल्या देशाची नाविक ही व्यवस्थाही आहे, तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. ऐकण्याला रिचार्ज लागत नाही, मोबाईलची रेंजही लागत नाही.

मग सेल कशाला इतका लागतो? उपग्रहाची लहर आपल्यापर्यंत येते तेव्हा ती अतिशय क्षीण झालेली असते. ती गोंगाटातून वेगळी काढायची, चार-आठ-दहा उपग्रहांचा हिशेब दर क्षणाला करायचा, वर पडदा उजळत ठेवायचा. टॉर्च आपण रात्री दोन मिनिटे लावतो आणि बंद करतो. हे यंत्र एकदा चालू केले की तासन् तास खात असते. दोन एए सेलवर चालणारी गार्मिनची ईट्रेक्स १० सारखी यंत्रे चांगल्या सेलवर २५ तासांपर्यंत चालतात असे कंपनी सांगते. पडद्याचा उजेड सतत चालू ठेवला तर एवढे चालत नाही, पण तुमचे यंत्र तीन-चार तासांतच मान टाकत असेल तर काही तरी चुकते आहे एवढे नक्की.

जाता जाता एक सांगून ठेवतो. हातातले साधे यंत्र मोकळ्या रानातही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. एकराच्या तुकड्यात दोन-तीन गुंठ्यांचा फरक सहज पडू शकतो. ठिबकाच्या नळ्या, बियाणे, खत यांचा अंदाज काढायला ते पुरेसे आहे. बांधाचे भांडण मात्र या यंत्रावर मिटवायला जाऊ नका. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच पाहिजे, आणि ते लोक वापरतात ते रोव्हर यंत्र वेगळे असते.

टॉर्च मंदावते, यंत्र एकदम विझते

आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात. तिची सवय आपल्याला अशी की सेल उतरत आला की उजेड पिवळा होतो, मग लाल होतो, मग विझतो. ट्रान्झिस्टरचा आवाजही हळूहळू बसत जातो. म्हणजे सेल आपल्याला आधी सांगून जातो. जीपीएस यंत्राचे तसे नाही. व्होल्टेज एका ठराविक पातळीच्या खाली गेले की ते हिशेब चुकण्याऐवजी स्वतःला बंद करून घेते. म्हणून चांगला चाललेला पडदा एकाएकी काळा होतो आणि आपल्याला वाटते काही तरी तुटले. यंत्राने टाकून दिलेला असा सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालतो, कारण घड्याळाची भूक फारच थोडी असते. ते सेल फेकू नका, घड्याळाला लावा.

आता दुसरी गोष्ट. यंत्रात दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक नवा आणि एक जुना घातला तर काय होईल? औताला एक ताजा बैल आणि एक थकलेला बैल जुंपल्यावर जे होते तेच. औत थकलेल्या बैलाच्या चालीने चालते आणि तो बैल आणखी मरणप्राय होतो. जुना सेल आधी रिकामा होतो, मग नवा सेल त्याच्यातून बळजबरीने प्रवाह ढकलू लागतो. असा सेल फुगतो, गळतो आणि यंत्राचा खण खराब करतो. घरात एक नवा सेल शिल्लक होता म्हणून तो एकच बदलला, ही काटकसर महाग पडते. सेल बदलायचे ते दोन्ही बरोबर, एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, एकाच दिवशी उघडलेले.

दोनपैकी वाईट कोणता ते पाहायचे असेल तर गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे मीटर असतो. अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. १.३ च्या आसपास असेल तर तो निम्म्याच्या पुढे खर्च झाला आहे असे समजा, आणि १.२ च्या खाली गेला असेल तर तो घड्याळाचा झाला. पण मीटरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. जुना सेल रिकामा असताना मीटरवर चांगला दिसतो आणि ओझे पडले की बसतो. दुबळा माणूस खाटेवर बसून छान बोलतो, पण पोते उचलायला सांगा म्हणजे कळते. म्हणून सेल टॉर्चमध्ये घालून दोन मिनिटे लावावा आणि लावलेला असतानाच मीटर धरावा. मग खरा आकडा दिसतो.

आधी खण उघडा

नवे सेल आणण्यापूर्वी यंत्राचे मागचे झाकण उघडून उजेडात पाहावे. यातच निम्म्या तक्रारी मिटतात.

एका बाजूला स्प्रिंग असते, एका बाजूला पत्र्याची पट्टी असते. ती चकचकीत दिसली पाहिजे. काळसर, हिरवट किंवा मळकट दिसत असेल तर प्रवाह अडतो. मुलांच्या दप्तरातला खोडरबर घ्या आणि पट्टी व सेलची दोन्ही टोके घासून साफ करा. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा निघतो आणि पट्टी दुप्पट वेगाने गंजते. खोडरबराचा भुगा फुंकून काढा. हात धुऊन हे काम करा. फवारणी करून आलेल्या किंवा ग्रीसने माखलेल्या बोटांनी सेल हाताळला की त्याच्या टोकावर तेलकट थर बसतो आणि पुन्हा तीच रड सुरू होते.

मोटारसायकलवरून जाताना किंवा ढेकळांतून चालताना यंत्र बंद पडते, पण ओट्यावर ठेवले तर दिवसभर चालते, अशी तक्रार असेल तर ती बहुधा सेलची नसते. स्प्रिंग दबून गेलेली असते. धक्का बसला की सेल क्षणभर पट्टी सोडतो आणि यंत्राला वाटते सेल काढला. यंत्र बंद करून सेल काढावेत, स्प्रिंग चिमटीत धरून अगदी हलकेच, तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढावी. एवढ्याने भागले नाही तर सेल आणि झाकण यांच्या मधल्या फटीत पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची घडी बसवावी, म्हणजे सेल खुळखुळत नाही. कागद सेलच्या पाठीवर यावा. टोक आणि पट्टी यांच्या मध्ये गेला तर यंत्र चालूच होणार नाही. झाकणाच्या कडेला पातळ रबर असते, त्यात मातीचा कण राहू देऊ नका, नाही तर पहिल्याच पावसात पाणी आत येईल.

पांढरी किंवा निळसर बुरशीसारखी पूड साचलेली दिसली तर सेल गळलेला आहे. ती पूड बोटाने काढू नका, डोळ्याला तर हात मुळीच लावू नका. अल्कलाइन सेलमधून गळते ते क्षार असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पट्टी पुसावी. साध्या स्वस्त सेलमधून गळते ते आंबट जातीचे असते, त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. दोन्ही वेळी नंतर स्वच्छ पाण्यात किंचित ओला केलेला बोळा फिरवावा आणि झाकण उघडे ठेवून दिवसभर सावलीत वाळवावे. पट्टीच खाल्ली गेली असेल तर मात्र ते दुकानातले काम आहे.

कोणता सेल घ्यावा?

लाल-निळ्या वेष्टनातला साधा सेल, म्हणजे झिंक-कार्बन, स्वस्त असतो आणि घड्याळाला, टीव्हीच्या रिमोटला तोच योग्य. पण एकसारखे ओझे पडले की तो लवकर बसतो. जीपीएसमध्ये तो घालणे म्हणजे वासराला मोटेला जुंपणे. अल्कलाइन सेल त्याच्या कित्येक पट जास्त वेळ चालतो. किंमत जास्त, पण तासामागचा खर्च पाहिला तर स्वस्त पडतो. वर्षातून दोन-चार वेळाच यंत्र लागत असेल तर अल्कलाइन घ्यावा आणि काम झाले की काढून ठेवावा.

गटाचे यंत्र असेल, हंगामात रोज कोणाकडे ना कोणाकडे जात असेल, तर माझे मत असे की पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्यावेत, दुकानात ते 'एनआयएमएच' या नावाने मिळतात. दोन नव्हे, चार घ्यावेत. एक जोडी यंत्रात, एक जोडी चार्ज करून खिशात. प्रत्येक जोडीवर नेलपॉलिशने खूण करून ठेवा, एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, म्हणजे जोड्या फुटत नाहीत. जुन्या पद्धतीचे असे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बराच चार्ज गमावतात. दिवाळीत चार्ज करून ठेवलेला सेल संक्रांतीला बाहेर काढला तर तो निम्मा-अर्धा उतरलेला मिळेल, आणि त्यात यंत्राचा दोष नाही. चार्ज टिकवून धरणारी सुधारलेली जात मिळते, तीच मागून घ्यावी.

आता इथे एक मेख आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा १.२ व्होल्टचा. यंत्र व्होल्टेज पाहून 'किती सेल उरला' ते ठरवते. त्यात अल्कलाइन सांगून ठेवलेले असेल आणि तुम्ही चार्ज होणारे सेल घातले, तर नुकत्याच पूर्ण चार्ज केलेल्या सेललाही ते अर्धा दाखवते आणि थोड्या वेळाने 'सेल उतरला' म्हणून ओरडू लागते. यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची जात बदलली की तेच सेल दिवसभर चालतात. सेल बदलाल तेव्हा जातही बदला. गटाचे यंत्र दहा हातांतून फिरते, त्यामुळे आधीच्याने काय करून ठेवले ते दर वेळी पाहूनच निघावे.

आणखी एक धोका सांगणे भाग आहे. अगदी याच मापाचा, ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल बाजारात मिळतो. त्यावर १४५०० असा आकडा असतो. काही टॉर्चना तो लागतो. तीन व्होल्टच्या यंत्रात असे दोन सेल घातले की सात व्होल्टच्या वर जाते आणि यंत्र कायमचे जळते. माप जुळले म्हणून सेल जुळला असे नव्हे, छापलेले व्होल्ट वाचा.

चार्ज करताना

यंत्राला केबल लावून रात्रभर ठेवले तरी सेल भरले नाहीत, अशीही तक्रार येते. एए सेलवर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत केबलमधून येणारी वीज यंत्र चालवते, आतले सेल भरत नाही. सेल बाहेर काढून त्यांच्या चार्जरमध्येच भरावे लागतात. अल्कलाइन किंवा साधा सेल चार्जरमध्ये कधीही घालू नये, तो गळतो आणि प्रसंगी फुटतो.

स्वस्त चार्जर हळू चालतात. २००० एमएएचचा सेल २०० एमए देणाऱ्या चार्जरवर भरायला चौदा-पंधरा तास लागतात. पूर्ण रिकामा सेल संध्याकाळी लावून पहाटे काढला तर तो पुरता भरलेला नसतो. काही चार्जर घड्याळावर चालतात, ठराविक तास झाले की आपोआप बंद होतात. शहरात ते ठीक. आपल्याकडे लाईट रात्रीतून तीनदा जाते, आणि दर वेळी आल्यावर असा चार्जर पहिल्यापासून तास मोजू लागतो. सेल भरून गेल्यावरही तो चार्ज करत राहतो, सेल तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी सेल भरला की स्वतः ओळखून थांबणारा, प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असणारा चार्जर घ्यावा. भरताना सेल कोमट होणे साहजिक आहे, हाताला चटका बसू लागला तर काढून घ्यावा.

आखाड्यावर लाईट नसली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून किंवा फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून थेट तारा जोडून मोबाईल अथवा सेल भरण्याचा उद्योग काही जण करतात. तो करू नये. गाडीत लावायचा तयार चार्जर मिळतो, तो १२ चे ५ व्होल्ट करून देतो.

चालू आहे पण जागा सापडत नाही

ही सेलची तक्रार वाटते, पण असतेच असे नाही. सेल काढून महिनोन् महिने पडलेल्या यंत्राला कोणता उपग्रह सध्या कुठे असेल याची जुनी माहिती उपयोगी पडत नाही. नवी पूर्ण यादी उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटे लागतात. एरवी अर्ध्या-एक मिनिटात जागा सांगणारे यंत्र अशा वेळी वीस मिनिटेही घेईल. मोकळ्या जागी, पडदा आकाशाकडे करून, एका ठिकाणी ठेवून द्यावे आणि चहा घ्यावा. घरात पत्र्याखाली किंवा मोसंबीच्या दाट बागेत उभे राहून वाट पाहू नये, तिथे लहर अडते, शोध लांबतो आणि तेवढा वेळ सेल जळत राहतो. बागेचे क्षेत्र काढायचे असेल तर फेरी झाडांच्या बाहेरून, बांधावरून घ्यावी.

फेरी सुरू करण्यापूर्वी सेल किती उरला ते पाहावे. प्रत्येक कोपऱ्यावर खूण नोंदवून ठेवावी, म्हणजे मध्येच बंद पडले तरी कोपरे हाताशी राहतात. सेल बदलायचाच झाला तर आधी यंत्र रीतसर बंद करावे. चालू यंत्रातून सेल ओढून काढला तर नोंद अर्धवट राहू शकते.

मोबाईलचे काय?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, आपल्या शेतात उभे राहून, मोबाईलवर फोटो काढून करायची, ती सात-बाऱ्यावर येते. म्हणजे आता बहुतेकांच्या खिशातला मोबाईल हेच त्यांचे जीपीएस यंत्र झाले आहे. इथे बॅटरी मध्येच गेली तर नुसती फेरी वाया जात नाही. हमीभावाची खरेदी असो की नुकसानीचे अनुदान, पिकाची नोंद विचारली जाते. मुदत प्रत्येक हंगामात जाहीर होते आणि आपली रीत अशी की शेवटच्या दोन दिवसांत सगळे गाव एकदम रानात निघते. मुदत लागल्याबरोबर पहिल्या आठवड्यात नोंद करून टाका, फोन बंद पडला तरी दुसरा दिवस हाताशी राहतो.

'चाळीस टक्के दाखवत होता आणि फोटो काढायला गेलो तर बंद पडला' हे वाक्य तर ठरलेले. वर सांगितलेला दुबळ्या माणसाचाच हा प्रकार आहे. मोबाईलची लिथियम बॅटरी दोन-चार वर्षांत म्हातारी होते, तिच्या आतला अडथळा वाढतो. फोन खिशात असताना तिला ओझे नसते, म्हणून टक्के चांगले दिसतात. कॅमेरा, जीपीएस, नेट आणि उन्हामुळे पूर्ण वाढवलेला पडदा असे चार गडी एकदम मागायला आले की व्होल्टेज बसते आणि फोन मिटतो. चार्जरला लावल्याबरोबर पुन्हा तीस-पस्तीस टक्के दाखवत असेल तर रोग हाच. यावर उपाय बॅटरी बदलणे. तोवर काम निभवायचे तर साठ-सत्तर टक्क्यांच्या वर असतानाच रानात जावे, किंवा पॉवर बँक जोडूनच फोटो काढावा. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला प्रत्यक्षात ६,००० च्या आसपासच मिळतात, वरचे वाटेत खर्च होतात, तेव्हा ५,००० च्या फोनला ती एकदा पुरी आणि थोडी वर एवढेच समजावे.

'बॅटरी सेव्हर' लावून रानात गेलात तर उलटे होते. पुष्कळ फोनमध्ये हे बटण चार्ज वाचवण्यासाठी जीपीएसलाच आवर घालते. मग जागा चुकीची दिसते, ॲप 'तुम्ही शेताबाहेर आहात' म्हणते आणि आपण गटाच्या नकाशाला दोष देतो. नोंद करताना ते बंद ठेवा, बाकीची ॲप्स मिटवा. रेंज जिथे एक काडी येते-जाते अशा रानात फोन टॉवर शोधण्यातच चार्ज जाळतो. बांधावर जाईपर्यंत फोन विमान मोडवर ठेवावा. उपग्रह ऐकणे तरीही चालू राहते. ॲप घरी, चांगल्या रेंजमध्ये एकदा उघडून, नवे करून, लॉगिन करून घ्यावे.

उन्हाचे विसरू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला फोन त्याहून कितीतरी तापतो. तापलेला फोन पडदा मंद करतो, चार्ज घेणे थांबवतो, प्रसंगी कॅमेरा बंद करतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. सावलीत, वाऱ्यावर दहा मिनिटे ठेवावा. माठाच्या पाण्याने किंवा बर्फाने गार करू नये, आत दव धरते. पाठ उन्हाकडे करून फोनवर आपली सावली पाडली की पडदा कमी उजेडातही दिसतो.

फोनची पाठ फुगून झाकण उचलले जात असेल तर तो त्याच दिवशी वापरणे आणि चार्ज करणे बंद करावे. दाबून बसवू नये, टोचू नये, उशाखाली तर ठेवूच नये.

हंगाम संपल्यावर

यंत्र गटाच्या कपाटात जाताना सेल बाहेर काढलेले असावेत. यंत्र खताच्या खोलीत ठेवू नका. युरियाच्या पोत्यांजवळची दमट, अमोनियाचा वास असलेली हवा पितळ-तांब्याच्या पट्ट्या खाते, एका पावसाळ्यात त्या हिरव्या पडतात. धान्याच्या कोरड्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेले बरे. मेलेले सेल उकिरड्यात टाकले की ते खतातून रानात येतात आणि चुलीत टाकले तर फुटतात. एका प्लास्टिकच्या बरणीत साठवावेत आणि तालुक्याला जाताना मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात द्यावेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराने कुरकुर केली तरी विचारायला संकोच करू नका.

एवढे सगळे करूनही यंत्र चालत नसेल तर ते दुरुस्तीला पाठवावे, पण सोबत चिठ्ठी घालावी. कोणते सेल घातले होते, बॅटरीची जात कोणती लावली होती, किती वेळ चालून बंद पडले, धक्क्याने पडले की आपोआप, केबल लावल्यावर चालते का. केबलवर व्यवस्थित चालते आणि चांगल्या सेलवर चालत नाही असे असेल तर दोष खणाच्या पट्टीत आहे, हे दुकानदाराला आधीच सांगा. मग पूर्ण यंत्र उघडण्याची मजुरी तो लावणार नाही.